पाणवठ्यावरची फुरसत कोणाची?

दाभोळ खाडीच्या मुखाशी दोन गावे समोरासमोर उभी आहेत. उत्तरेला दापोली तालुक्यातील दाभोळ, दक्षिणेला गुहागर तालुक्यातील अंजनवेल. सह्याद्रीतून येणारी वाशिष्ठी नदी या दोन गावांमधून समुद्राला मिळते. अंजनवेलला गोपाळगड किल्ला आहे, टाळकेश्वराचे मंदिर आहे, दीपगृह आहे आणि शेजारी जगभर गाजलेला वीज प्रकल्प आहे. खाडीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे मिसळते तिथे मासा खायला येतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. म्हणूनच अशा जागी हातात गरी घेऊन बसणारा माणूस पूर्वीपासून आहे. आता सरकार आणि पर्यटनवाले म्हणू लागले आहेत की कोकणात हौशी मासेमारीला मोठा वाव आहे, तिला प्रोत्साहन दिले पाहिजे. चांगली गोष्ट आहे. पण प्रश्न असा आहे की, ही हौस कोणाची? अंजनवेलच्या खडपावर रविवारी गरी टाकून कोणाला बसता येणार, आणि कोणाला बसता येणार नाही?

काही वाचक म्हणतील, चळवळीच्या दैनिकात हा कसला विषय? आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, खेड्यापाड्यांत अत्याचार थांबलेले नाहीत, आणि तुम्ही मासे पकडण्याच्या हौसेवर लिहिता? हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु तो मान्य केला, तर आपण नकळत एक गोष्ट कबूल करतो की फुरसत ही वरच्यांची वस्तू आहे आणि आपल्या वाट्याला फक्त काम आणि संघर्ष एवढेच यावे. बाबासाहेबांनी ही गोष्ट कधीही कबूल केली नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. का घेतली? कारण राबणाऱ्या माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय तो माणूस म्हणून वाढू शकत नाही, फुरसतीवाचून संस्कृती नाही, आणि यंत्राशिवाय बहुजनांना फुरसत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. ते नुसते लिहून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले आणि ते १९४६ साली कायदा झाले. हे जे सहा तास कामगाराच्या पदरात पडले, ते त्याने कुठे घालवायचे? फुरसतीला जागा लागते. मैदान लागते, बाग लागते, वाचनालय लागते, आणि कोकणात पाण्याचा काठ लागतो. वेळ दिला आणि जागा दिली नाही, तर ती फुरसत नव्हे, ती बेकारी.

दाभोळ बंदराशी तर आपले नाते फार जवळचे आहे. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे हे वणंद गावचे. दाभोळ बंदरावर उतरलेल्या मासळीच्या पाट्या डोक्यावरून बाजारापर्यंत वाहून नेणे हा त्यांचा पोटाचा धंदा होता. अंजनवेलच्या समोरच्या काठावर हे घडत होते. या खाडीतली किती मासळी त्यांच्या डोक्यावरून गेली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मासा कोणी धरला, कोणी विकला, कोणी खाल्ला याची नोंद सापडते. पाटी वाहणाऱ्याची नोंद केवळ तो रमाईंचा बाप होता म्हणून राहिली. अशा माणसाच्या वारसांनी त्याच पाण्याकडे पाठ करून, पोटासाठी नव्हे तर मनासाठी दोन तास बसावे, ही मागणी क्षुल्लक कशी?

आज सरकारदरबारी मासा धरणाऱ्याची दोनच रूपे ओळखीची आहेत. एक व्यावसायिक मच्छीमार. त्याला परवाना आहे, नौकेची नोंदणी आहे, सहकारी संस्था आहे, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पावसाळ्यातली ६१ दिवसांची बंदी आहे. दुसरा पर्यटक. त्याच्यासाठी रिसॉर्ट आहे, भाड्याची होडी आहे, परदेशी रीळ आणि काठी आहे. तिसरा माणूस या दोन्ही रकान्यांत बसत नाही. चिरेखाणीवर आठवडाभर राबणारा मजूर, कंपनीत कंत्राटावर असलेला पोरगा, मे महिन्यात मुंबईहून आलेला चाकरमानी, निवृत्त झालेला शिपाई. त्याच्याकडे काठीसुद्धा नसते. तंगूस, शिशाचा तुकडा, गळ आणि चार कोळंब्या एवढाच त्याचा संसार. उधाण कधी, भांग कधी, भरतीला किती वेळ आहे हे त्याला पंचांग न उघडता सांगता येते. एखादी तांबोशी लागली तर दिवस सोन्याचा, नाहीतर दोन शिंगाळ्यांवर भागले. आणि ओहोटीला खडपावर कालवे फोडणारी, पुळणीत तिसऱ्या शोधणारी बाई तर कोणाच्याच हिशेबात नाही. चार जणी मिळून जातात, हसतात, बोलतात, घरच्या कालवणाची सोय करून येतात. ती तिची मजुरीही आहे आणि तिची मोकळीकही आहे. कोकणातल्या हौशी मासेमारीचा खरा धनी हा तिसरा माणूस आणि ही बाई आहे. धोरण ठरवताना यांना विचारतो कोण?

पाण्याचा काठ माणसाच्या हातून कसा निसटतो, हे अंजनवेल परिसरात चांगले पाहता येते. गोपाळगडाच्या तटाच्या आतली जमीन खासगी मालकीत गेली आणि तेथे आंब्याची बाग झाली. किल्ला सर्वांना खुला व्हावा म्हणून दुर्गप्रेमींना वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालावे लागले. त्यानंतर एन्रॉन आली. १९९२ साली करार झाला आणि दाभोळ पॉवर कंपनी उभी राहू लागली. गंमत पाहा, प्रकल्पाला नाव मिळाले पलीकडच्या दाभोळचे आणि जमीन गेली अलीकडच्या अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसराची. ज्यांचे गाव त्यांचे नाव नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. खाडीतल्या आणि समुद्रातल्या मासेमारीवर परिणाम होईल, ही स्थानिकांची मोठी भीती होती. त्यांनी विरोध केला. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस घुसले आणि घराघरांतून बायकांना धरून नेले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली या दडपशाहीवर अहवाल काढले. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे वाजले. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी झाली आणि २०१३ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल सुरू झाले. वायूची जहाजे लागतात तिथे सुरक्षेसाठी काही पाणी आणि काही काठ बंद ठेवावा लागणार, हे कोणीही शहाणा माणूस मान्य करील. प्रश्न तेवढाच नाही. एक काठ बंद झाला तर त्याच्या बदल्यात दुसरा काठ कोणी, कुठे, किती खुला करून दिला? जमिनीचा मोबदला देण्याची कायद्यात तरतूद आहे. हरवलेल्या काठाचा मोबदला कोणत्या कायद्यात आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीच्या रेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ, तसेच नद्या, नाले आणि तलाव यांचे तळ ही सरकारची मालमत्ता आहे. सरकारची म्हणजे कोणाची? १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कमल नाथ प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलच्या सोयीसाठी वळवल्याचे ते प्रकरण होते. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार हे तिचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने आपल्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तर दोन हॉटेलांमध्ये किंवा रिसॉर्टांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी, अशी अट घातलेली आहे. कागद भक्कम आहे. पाणी आपले आहे, तळ आपला आहे, भरती-ओहोटीच्या मधला पट्टा आपला आहे.

पण पाण्यापर्यंत जायचे कसे? येथेच मेख आहे. कोकणात समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये आंब्याच्या, काजूच्या, नारळी-पोफळीच्या बागा आहेत. या बागांमधून खाली उतरणाऱ्या जुन्या पाखाड्या आणि पायवाटा हीच लोकांची पाण्याकडे जाणारी वाट. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या वाटेने गेले, म्हणून कोणी कागद केला नाही. पुढे जमीन विकली गेली, नव्या मालकाने चिऱ्याचे गडगे उंच केले, लोखंडी फाटक बसवले, पाटी लावली आणि वाट संपली. समुद्र अडवला नाही, फक्त वाट अडवली. विहिरीवर पाणी भरायला मनाई करणारेही नेमके हेच करीत होते. पाणी कोणाचेच नसते, काठ मात्र त्यांचा असतो!

ही जमीन काही मोजक्या हातांत का राहिली, याचे उत्तर खोतीत आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कुणबी, महार, भंडारी, आगरी त्यात एकत्र होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. परंतु भूमिहीन होते ते बरेचसे भूमिहीनच राहिले आणि मुंबईची वाट धरून गिरण्या-गोद्यांत गेले. ज्याची काठावर जमीन आहे त्याला सार्वजनिक वाटेची गरज नाही, तो आपल्या अंगणातून उतरतो. गरज ज्याची गुंठाभर जमीन नाही त्याला आहे. म्हणून सार्वजनिक वाट हा कोकणात भूमिहीनांचा प्रश्न आहे, आणि भूमिहीन कोण आहेत हे वाचकांना सांगायला नको.

येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला १९२३ च्या ऑगस्टमध्ये. सार्वजनिक पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे तीन वर्षे तळे कागदावर खुलेच होते! पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक चालत गेले आणि ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा ते खरोखर खुले होण्यास आरंभ झाला. त्यानंतरही दहा वर्षे कोर्टकज्जा चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला. दोन धडे येथे आहेत. पहिला, ज्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो ते सर्वांचे असते. दुसरा, ठरावाने हक्क मिळतो असे नाही, तो वापरल्याने मिळतो आणि वापरत राहिल्याने टिकतो. तळ्यावर जाणे हे केवळ तहानेसाठी नव्हते, माणूस म्हणून बरोबरी सिद्ध करण्यासाठी होते. पाण्यावर फुरसतीने बसणे हा त्याच बरोबरीचा पुढचा टप्पा आहे. तहान भागवायला येऊ देणे ही दया म्हणून दाखवता येते. आपल्या शेजारी निवांत बसू देणे हे बरोबरीवाचून शक्य नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनाही हाच रस्ता चालावा लागला. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी येथे लांबच लांब वाळूचा किनारा होता. तो सरकारी पैशाने भर घालून तयार केलेला, पण काळ्या माणसाला तेथे पाय ठेवायला बंदी. डॉ. गिल्बर्ट मेसन या काळ्या डॉक्टरने १९५९ साली काही सोबत्यांना घेऊन सरळ पाण्यात उतरून दाखवले. १९६० च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उतरले तेव्हा गोऱ्या जमावाने काठ्या आणि साखळ्यांनी त्यांना झोडपले. १९६३ मध्ये पुन्हा गेले. शेवटी १९६८ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर तो किनारा सर्वांना खुला झाला. ते काय मागत होते? नोकरी नव्हे, मत नव्हे. पोहायला, खेळायला, वाळूत बसायला मागत होते. आणि त्यासाठी मार खाल्ला. त्यांच्या चळवळीला हा विषय किरकोळ वाटला नाही.

जिथे सरकारने मनावर घेतले तिथे काय होऊ शकते याचीही उदाहरणे आहेत. स्वीडनने १९८५ मध्ये आपला समुद्रकिनारा आणि पाच मोठी सरोवरे काठी-दोरीने मासे पकडणाऱ्या सर्वांसाठी मोफत खुली केली. जाळ्यांवर नियम, पण हातातल्या गळावर फी नाही. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने गळ, काठ्या, रिळे यांवरील कराचा पैसा माशांच्या संवर्धनासाठी राज्यांकडे वळवला आणि १९८४ च्या दुरुस्तीने त्यातला ठरावीक वाटा लोकांना पाण्यात होड्या उतरवता याव्यात अशा सोयींसाठी राखला. म्हणजे हौसेतून आलेला पैसा पुन्हा पाण्याकडे आणि लोकांकडे. हे आपल्याकडे अशक्य आहे असे कोणी सांगितले?

आपल्याकडे मात्र योजनेचा पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत हौशी मासेमारीला चालना देण्याचा घटक आहे. त्या योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. ऐकायला फार बरे वाटते. पण उरलेले ४० टक्के कुठून आणायचे? प्रकल्पाला पाण्यालगतची जमीन लागते, बँकेला तारण लागते. ज्याच्याकडे तारण नाही त्याला ६० टक्के अनुदानाचा उपयोग काय? पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेचेही असेच आहे. ज्याचे घर मोठे, घराला समुद्र दिसतो, दारापर्यंत गाडी जाते, त्याच्या घरी पाहुणा उतरणार. आणि घर असले तरी पाहुणा आडनाव विचारून जेवायला बसणार असेल, तर बौद्धवाडीतल्या न्याहारीला गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न विचारायचे धाडस कोणत्याही पर्यटन आराखड्याने केलेले नाही. तेव्हा मनोरंजनाची मासेमारी वाढली म्हणजे आपोआप गावाचे भले होईल, हे खरे नाही. वाट आणि वाटा आधी ठरले नाहीत, तर आपल्या पोरांच्या हाती फक्त पर्यटकाची पेटी उचलणे येईल. शंभर वर्षांपूर्वी पाटी होती, आता पेटी.

दुसरा धोका क्लबाचा. हौशी मासेमारीची जुनी संघटित परंपरा आपल्याकडे इंग्रजी अमदानीतली आहे. मुंबईत पवई तलावावर ती आजही सभासदांच्या संघटनेमार्फत चालते. सभासद वर्गणी भरतात, तलावात मासे सोडतात, तलावाची काळजीही घेतात. एखाद्या बांधलेल्या तलावावर ही रीत चालून जाईल. पण तीच रीत खाडी-समुद्राला लावली, सभासद नसलेल्याला काठ बंद केला, तर तो जिमखान्याचा पसारा कोकणात आणणे होईल. खाडीत मासा कोणी सोडलेला नाही. तो भरतीबरोबर येतो आणि कोणाची वर्गणी भरून येत नाही.

मच्छीमार बांधवांची बाजू येथे मोकळेपणाने ऐकली पाहिजे. खारवी, भोई, दालदी मुसलमान हे या खाडीवर पोट भरणारे समाज. हौशी लोक आले की आमच्या तोंडचा घास जाईल, ही शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांचा हक्क पहिला, याबद्दल दुमत असू नये. परंतु त्यांचा घास गळवाल्याने पळवलेला नाही. मासळी ओरबाडली ती पर्ससीन जाळ्यांनी आणि प्रखर दिव्यांनी. म्हणून तर २०१६ मध्ये राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले आणि २०१७ मध्ये केंद्राला एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणावी लागली. बंद्या कागदावर आहेत, दिवे समुद्रात आहेत, ही मच्छीमारांचीच तक्रार आहे. शिवाय नियम साधा करता येतो. हौशी माणसाने फक्त हातगरी वापरावी, जाळे लावू नये, पकडलेला मासा विकू नये, पिल्ले परत सोडावीत. सुरुंग आणि विष टाकून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. खोल पाण्यात नेणाऱ्या होड्यांचा धंदा स्थानिक मच्छीमार संस्थांकडेच राहावा. बौद्धवाडी आणि खारवीवाडी यांना एकमेकांच्या विरोधात उभे करून मध्ये तिसऱ्याने काठ बळकावणे, हा जुना डाव आहे. तो ओळखला पाहिजे.

आणि काठ मिळाला पण पाण्यात मासाच नसेल तर? वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. दाभोळ खाडीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत आणि खाडीकाठचा भोई समाज त्याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडतो आहे. ही लढाई एकट्या भोई समाजाची का असावी? ज्याला खाडीतला मासा खायचा आहे, ज्याच्या पोराला त्या पाण्यात पाय बुडवायचे आहेत, त्या प्रत्येकाची ती आहे. उलट हौशी मासेमारी करणारे शेकडो डोळे रोज काठावर असतील, तर रात्री कोणी काय सोडले हे लपून राहणार नाही. निर्जन काठावर घाण सोडणे सोपे असते, गजबजलेल्या काठावर अवघड.

आता आपल्यातलाच एक प्रश्न. पंचशील घेणाऱ्याने मौजेसाठी जीव मारावा काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, आणि तत्त्व माणसाला विचार करायची मोकळीक देते, असे त्यांनी मांडले. या कसोटीवर पाहिले तर घरच्या कालवणापुरता मासा धरणे आणि स्पर्धेत बक्षिसासाठी माशांचा ढीग घालून फोटो काढणे या एकच गोष्टी नाहीत. ज्याला मासा धरायचाच नाही त्यानेही काठावर यावे, पोरांना भरती-ओहोटी दाखवावी, वही घेऊन बसावे. आपण हक्क मागतो आहोत तो काठाचा. त्या काठावर बसून काय करायचे हे ज्याचे त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. हक्कच नसेल तर विवेकाला तरी वाव कुठे?

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, अंजनवेल, वेलदूर, धोपावे आणि पलीकडे दाभोळ अशा खाडीकाठच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत पाण्याकडे जाणाऱ्या सर्व वाटांची यादी करावी. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये गावच्या रूढ हक्कांची, म्हणजे वाटेच्या आणि मासे धरण्याच्या वहिवाटीची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या पत्रकात घेण्याची तरतूद आहे. किती गावांनी ती नोंद मागितली? म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी आजच घ्याव्यात, उद्या ती माणसे राहणार नाहीत. दुसरी गोष्ट, मेरीटाइम बोर्डाच्या पैशाने जी जेटी बांधली जाते तिच्या आराखड्यातच हातगरीवाल्यांसाठी एक बाजू राखावी. कठडा, शिडी, दिवा, जीवरक्षक कडी, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढे तिथे असावे. पावसाळ्यात खडपावरून लाट माणसाला ओढून नेते. धोक्याच्या जागांवर पाट्या लावणे हे काही खर्चाचे काम नाही. २००३ पासून धोपावे-दाभोळ फेरीबोट सुरू आहे, तिने दोन्ही काठ जोडले आहेत. त्या रहदारीचा फायदा अशा सार्वजनिक जागांना सहज मिळेल. तिसरी गोष्ट, सुरक्षेसाठी जेवढा काठ बंद होईल तेवढ्याच सोयीचा दुसरा काठ खुला करून देण्याची अट प्रत्येक प्रकल्पाला घालावी. चौथी, हातगरीवर कोणतीही फी नको आणि कोणत्याही क्लबाला एकट्याचा ठेका नको. पाचवी, योजनेतील ६० टक्के अनुदानाची उरलेली रक्कम तारणाशिवाय उभी राहील अशी व्यवस्था सामाजिक न्याय विभागाने करावी आणि वाटाडे, होडीचालक, जीवरक्षक यांचे प्रशिक्षण भूमिहीन कुटुंबांतील मुलामुलींना आधी द्यावे.

यातले बरेचसे मुंबईत बसूनही करता येण्यासारखे आहे. आपल्या प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे, गावशाखा आहे. जयंतीचा खर्च आणि विहाराचे बांधकाम यांवर रात्र-रात्र बैठका होतात. त्यातल्या एका बैठकीत गावचा नकाशा पसरून पाण्याकडे जाणाऱ्या वाटा कोणत्या आणि त्यांतल्या किती बंद झाल्या, एवढे तरी लिहून काढावे. तो कागद तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पुढच्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा पोराबाळांना, आयाबहिणींना घेऊन त्या वाटांनी चालत काठापर्यंत जावे. एकदा नव्हे, दर सुट्टीला जावे. वाट अडवलेली आढळली तर भांडण न करता पंचनामा मागावा. वहिवाट मोडते ती लोक जायचे थांबले म्हणजे, आणि उभी राहते तीही लोक जाऊ लागले म्हणजे.